एक्सआरडीत नुसता फुगवटा दिसतो तेव्हा: पर्यायी सिमेंटची रचना एनएमआरने कशी वाचावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईत एम.टेक.साठी दोन बाइंडरवर, म्हणजे काँक्रीट जोडून ठेवणाऱ्या द्रव्यांवर, काम चालू आहे. पहिला एलसी३, म्हणजे चुनखडी आणि भाजलेल्या मातीचं सिमेंट: ५० टक्के क्लिंकर (भट्टीतून निघालेले सिमेंटचे खडे), ३० टक्के भाजलेली चिनी माती, १५ टक्के चुनखडी, ५ टक्के जिप्सम. दुसरा डोलवीचा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीची मळी) आणि डहाणूची फ्लाय ॲश (वीज केंद्रातली राख) निम्मी-निम्मी घेऊन सोडियम हायड्रॉक्साइड व सोडियम सिलिकेटने सक्रिय केलेला. घनांची (चाचणीच्या ठोकळ्यांची) ताकद चांगली येते आहे, पण एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) २५ ते ३५ अंशांच्या मधल्या रुंद फुगवट्याखेरीज बाइंडरबद्दल काही हाती लागत नाही. एनएमआरने, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रकांचे संकेत वाचण्याच्या पद्धतीने, काय कळेल, नमुना कसा करायचा, यंत्रावर काय सांगायचं आणि आलेली शिखरं कशी वाचायची?

एक्सआरडीला लांबवर तीच ती रचना पुन्हा पुन्हा यावी लागते. बाइंडर घट्ट होताना तयार होणाऱ्या जेलमध्ये ती येत नाही, म्हणून फुगवटा. एनएमआरला तशी गरज नसते. सिलिकॉनच्या अणूभोवती लगेच शेजारी कोण आहे, एवढंच ते सांगतं, आणि सिमेंटच्या जेलमध्ये नेमकं तेच जाणून घ्यायचं असतं. प्रत्येक सिलिकॉन चार ऑक्सिजनच्या चतुष्फलकात बसलेला असतो. त्यातले किती ऑक्सिजन पुढच्या चतुष्फलकाशी सामाईक आहेत, त्यावरून क्यू० ते क्यू४ ही नावं पडतात. न भिजलेल्या क्लिंकरमधला सुटा सिलिकॉन क्यू०, साखळीच्या टोकाचा क्यू१, साखळीच्या मधला क्यू२, चारही बाजूंनी जोडलेला क्यू४. शेजारी सिलिकॉनऐवजी ॲल्युमिनियम आला की कंसात त्याची संख्या लिहितात, उदाहरणार्थ क्यू२(१एएल). अशा प्रत्येक बदलीमागे शिखर साधारण ३ ते ५ पीपीएमने (हे स्पेक्ट्रमवर शिखराची जागा मोजण्याचं एकक) कमी ऋण बाजूला सरकतं.

यंत्राची वेळ मागण्याआधी एक काम करा: सगळ्या कच्च्या मालाचे स्पेक्ट्रम आधी काढायचे, असं ठरवा. माती भाजण्याआधीची आणि भाजल्यानंतरची, स्लॅग, राख, कोरडं सिमेंट. बहुतेक प्रबंधांत २८ दिवसांचा एकच स्पेक्ट्रम घेतात आणि त्यात सहा-सात शिखरं बसवतात. त्या आकड्यांना अर्थ नसतो, कारण न विरघळलेली राख आणि नवीन तयार झालेलं जेल एकाच जागी दिसतात. यंत्राच्या चारच फेऱ्या परवडत असतील तर दोन कच्च्या मालावर खर्च करा.

दुसरी गोष्ट लोखंडाची. करड्या सिमेंटमध्ये लोह ऑक्साइड साधारण ३ ते ५ टक्के असतं. राखेत ते बरंच बदलतं आणि त्यातलं काही मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाच्या रूपात असतं. लोखंडाच्या अगदी जवळच्या सिलिकॉनची रेष इतकी रुंदावते की ती दिसतच नाही, आणि उरलेल्यांच्या दोन्ही बाजूंना, नमुना यंत्रात ज्या वेगाने फिरवतात त्या वेगाच्या अंतरावर, उपशिखरांची रांग लागते. म्हणजे स्पेक्ट्रम नमुन्यातल्या सगळ्या सिलिकॉनबद्दल नसून फक्त दिसणाऱ्या सिलिकॉनबद्दल बोलत असतो. राख कोरडी असताना तिच्यावरून कागदात गुंडाळलेलं ताकदवान चुंबक फिरवून पाहा. दाट काळी मिशी चिकटली, तर त्या राखेचा चुंबकीय भाग आधीच काढून टाका आणि ताकदीच्या घनांपासून एनएमआरपर्यंत सगळीकडे तीच राख वापरा. भिजलेल्या नमुन्यातून नंतर चुंबकाने लोखंड काढू नका. त्या कणांना जेल चिकटलेलं असतं, तेही जातं आणि प्रमाण बिघडतं.

एलसी३ साठी उद्देश यंत्रणा समजून घेण्याचा असेल तर एक मालिका पांढऱ्या सिमेंटवर करा. त्यात लोह ऑक्साइड अर्ध्या टक्क्याच्याही खाली असतं आणि रेषा किती स्वच्छ होतात ते पाहण्यासारखं आहे. मात्र दुकानातल्या पांढऱ्या सिमेंटमध्ये चुनखडी मिसळलेली आहे का, हे एक्सआरडीत आधी तपासा, नाहीतर १५ टक्क्यांचा हिशोब चुकेल.

आता नमुना. घनाचा तुकडा फोडून आणू नका. वाळू स्वतः क्वार्ट्झ असते आणि ती −१०७ पीपीएमला येऊन बसते. वेगळी पेस्ट करा: २० ग्रॅमच्या आसपास, झाकणाच्या छोट्या बाटल्यांत काठोकाठ भरून, झाकण टेपने बंद करून, २७ अंशांना. १, ३, ७, २८ आणि ९० दिवसांसाठी वेगवेगळ्या बाटल्या. एकाच बाटलीतून पुन्हा पुन्हा काढायचं नाही.

वय भरलं की पेस्ट १ मिलिमीटरहून बारीक कुटा. साधारण ३ ग्रॅम भुकटी १०० मिलिलिटर आयसोप्रोपॅनॉलमध्ये १५ मिनिटं ठेवा, गाळा, थोड्या आयसोप्रोपॅनॉलने आणि मग १० मिलिलिटर डायएथिल ईथरने धुवा. ईथर भडकतं, म्हणून हे काम फ्यूम हूडमध्येच. त्यानंतर ४० अंशांच्या ओव्हनमध्ये ८-१० मिनिटं पुरे. १०५ अंशांना रात्रभर वाळवण्याची प्रयोगशाळेतली सवय इथे घात करते: एट्रिंगाइट या पाणीदार स्फटिकातलं पाणी निघून जातं, त्याची रचना मोडते आणि ॲल्युमिनियमच्या स्पेक्ट्रममधलं १३ पीपीएमचं शिखर नाहीसं होतं. मग 'एट्रिंगाइट तयारच झालं नाही' असा निष्कर्ष निघतो, आणि तो ओव्हनने काढलेला असतो.

मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये कार्बोनेशनकडे विशेष लक्ष द्या. घन आतून सुरक्षित राहतो, पण भुकटीचा पृष्ठभाग प्रचंड असतो. सक्रिय स्लॅगची भुकटी दमट हवेत उघडी राहिली की हवेतला कार्बन डायऑक्साइड तिच्या जेलमधलं कॅल्शियम ओढून घेतो, आणि मागे जास्त जोडलेलं सिलिका जेल उरतं. स्पेक्ट्रममध्ये −१०० ते −११० पीपीएमच्या पट्ट्यात नवीन कुबड येतं. अनेकदा त्यालाच 'जिओपॉलिमर (सिलिकॉन-ॲल्युमिनियमचं त्रिमितीय जाळं) तयार झाल्याचा पुरावा' म्हटलं जातं. शंका आली तर त्याच भुकटीचं टीजीए (तापवत नेऊन वजनातली घट मोजणं) करा. ६०० ते ७५० अंशांच्या दरम्यान वजन ठळकपणे घटत असेल आणि मिश्रणात चुनखडी टाकलेलीच नसेल, तर ते कुबड कार्बोनेशनचं आहे. भुकटी व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये, शेजारी सोडा लाइमची वाटी ठेवून साठवा. पवईहून कुलाब्याला न्यायची असली तरी व्हॅक्यूम पाकिटातच न्या, प्लास्टिकच्या पिशवीतून नाही.

कुलाबा आणि पवईचं नाव आलंच आहे, तर यंत्राबद्दल. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) उच्च चुंबकीय क्षेत्राच्या एनएमआरची राष्ट्रीय सुविधा आहे, आणि या विद्येचं मुंबईशी नातं जुनं आहे: इथेनॉलमधल्या वेगवेगळ्या हायड्रोजनच्या वेगळ्या रेषा दाखवणाऱ्या १९५१ च्या निबंधाच्या तीन लेखकांपैकी एक, एस. एस. धर्मट्टी, यांनीच पुढे टीआयएफआरमध्ये एनएमआरचं काम उभं केलं. पवईच्या आयआयटीत सैफ ही प्रगत विश्लेषण-यंत्रांची सुविधा आहे. कुठेही अर्ज करताना 'एनएमआर करून हवं आहे' एवढंच लिहू नका, कारण बहुतेक यंत्रं द्रवासाठी लावलेली असतात. तुम्हाला घन (स्थायू) नमुन्याचा, मॅजिक अँगलवर म्हणजे ५४.७ अंशांवर फिरवणारा प्रोब (नमुना धरून संकेत टिपणारा भाग) हवा. रोटर (नमुना भरून फिरवायची नळी) किती मिलिमीटरचा आहे, प्रोब सिलिकॉन-२९ च्या वारंवारतेपर्यंत खाली जातो का आणि रिकाम्या रोटरचा सिलिकॉन व ॲल्युमिनियमचा स्पेक्ट्रम मिळेल का, एवढं विचारा. झिरकोनियाच्या रोटरमध्ये किंवा प्रोबच्या भागांत ॲल्युमिनियमचा अंश असू शकतो आणि तो नेमका अष्टफलकी (भोवती सहा ऑक्सिजन असलेल्या ॲल्युमिनियमच्या) पट्ट्यात, म्हणजे तुमच्या एट्रिंगाइटच्या शेजारी, दिसतो. तो वजा करावा लागतो.

सर्वांत मोठं यंत्र सर्वांत चांगलं, असं इथे नाही. लोखंडामुळे होणारं रुंदीकरण क्षेत्राबरोबर वाढतं, त्यामुळे राखेच्या सिलिकॉनसाठी ३०० किंवा ४०० मेगाहर्ट्झचं यंत्र व्यवस्थित काम देतं. ॲल्युमिनियमचं उलट आहे. त्याचं केंद्रक चतुर्ध्रुवी असल्याने रेषा रुंद आणि सरकलेल्या येतात, आणि हा परिणाम पीपीएममध्ये मोजला तर क्षेत्राच्या वर्गाने घटतो. म्हणून निवड असेल तर सिलिकॉन ४०० वर आणि ॲल्युमिनियम मिळेल तितक्या मोठ्या यंत्रावर.

रोटर भरणं हे किरकोळ काम समजू नका. भुकटी ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली हवी. रिकाम्या रोटरचं वजन झाकणासकट घ्या. भुकटी चिमूट-चिमूट टाकून प्रत्येक थर भरण्याच्या दांडीने हलकेच दाबा. एकदम भरून वरून दाबली तर तळाशी पोकळी राहते. झाकणासाठी वर ठेवायची जागा मापानेच ठेवा, आणि झाकण बसल्यावर कडेला भुकटीचा कण दिसता कामा नये. पुन्हा वजन घ्या: ४ मिलिमीटरच्या रोटरमध्ये ८० ते १०० मिलिग्रॅम, ७ मिलिमीटरच्यात साधारण २५० ते ३०० मिलिग्रॅम मावतं. वेग १, २, ४ किलोहर्ट्झ असा टप्प्याटप्प्याने वाढवा आणि प्रत्येक टप्प्यावर तो स्थिर होईपर्यंत थांबा. वेग हेलकावत असेल तर बळजबरी करू नका. असमान भरलेला किंवा ओलसर नमुना जोरात फिरवला की रोटर फुटू शकतो, आणि मग प्रोब साफ होईपर्यंत सगळ्यांचं काम थांबतं. कोन पोटॅशियम ब्रोमाइडवर आधी बसवून घ्या.

वजन घ्यायचं कारण नुसतं शिस्तीचं नाही. त्याच रोटरमध्ये वजन केलेली शुद्ध चिनी माती पुरेसा विलंब देऊन मोजली, तर प्रति मिलिग्रॅम सिलिकॉन किती सिग्नल येतो ते कळतं. एक्सआरएफ या क्ष-किरण रासायनिक विश्लेषणावरून तुमच्या राखेतला सिलिका माहीत असतोच. अपेक्षित सिग्नलच्या किती टक्के प्रत्यक्षात आला, हा आकडा प्रबंधात लिहा. तो ९० असेल तर पुढचे आकडे पक्के, ६० असेल तर प्रत्येक टक्केवारीपुढे 'दिसणाऱ्या सिलिकॉनपैकी' असं लिहावं लागेल. याच चिनी मातीचं −९१.५ पीपीएमच्या आसपासचं शिखर संदर्भ तपासायलाही उपयोगी पडतं.

निसर्गातल्या सिलिकॉनपैकी एनएमआरला दिसणारा सिलिकॉन-२९ फक्त ४.७ टक्के असतो, म्हणून वेळ लागतो. ९.४ टेस्लावर, म्हणजे ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर, त्याची वारंवारता ७९.५ मेगाहर्ट्झ. इथे सगळ्यात जास्त चुकतो तो दोन पल्समधला विलंब. केंद्रक पूर्ववत होण्याच्या काळाच्या, म्हणजे टी१ च्या, पाचपट विलंब ठेवला तर ९० अंशांच्या पल्सनंतर ९९ टक्क्यांहून अधिक सिग्नल परत येतो. लोखंड असलेल्या करड्या मिश्रणात टी१ छोटा असतो. क्लिंकरमधल्या बेलाइट या खनिजाचा लांब, आणि शुद्ध क्वार्ट्झचा तर तासांत जातो. त्यामुळे ५ सेकंदांच्या विलंबाने घेतलेल्या स्पेक्ट्रममध्ये बेलाइट कमी दिसतो आणि 'बेलाइटची अभिक्रिया झाली' असं वाटतं. आधी कमी स्कॅनमध्ये ५ सेकंद आणि ६० सेकंद असे दोन स्पेक्ट्रम घ्या. शिखरांचं एकमेकांशी प्रमाण बदललं तर ५ पुरेसे नाहीत. ३० सेकंदांवर २,००० स्कॅन म्हणजे १६ तास ४० मिनिटं. रात्रभराची वेळ मागा. ती वाचवण्यासाठी कोणी प्रोटॉनकडून ध्रुवीकरण देण्याची सीपी पद्धत सुचवेल. तिने जेलजवळचा सिलिकॉन ठळक दिसतो आणि कोणतं शिखर जलयुक्त आहे ते ओळखता येतं, पण तिच्या क्षेत्रफळांवरून टक्केवारी काढायची नाही.

ॲल्युमिनियम-२७ शंभर टक्के असतो, अर्ध्या-पाऊण तासात उरकतो, पण त्याचे दोन सापळे आहेत. पहिला पल्सचा. ॲल्युमिनियम नायट्रेटच्या द्रावणावर ९० अंशांची पल्स ६ मायक्रोसेकंद आली असेल, तर घन नमुन्यावर १ मायक्रोसेकंदच द्या. लांब पल्सने वेगवेगळ्या जागांचा ॲल्युमिनियम वेगवेगळ्या प्रमाणात उत्तेजित होतो आणि क्षेत्रफळं खोटी येतात. दुसरा वेगाचा. ९.४ टेस्लावर ॲल्युमिनियमची वारंवारता १०४.२ मेगाहर्ट्झ, म्हणून ५ किलोहर्ट्झवर उपशिखरांचं अंतर ४८ पीपीएम. १० पीपीएमच्या अष्टफलकी शिखराचं उपशिखर थेट ५८ वर पडतं, आणि तीच जिओपॉलिमर जेलमधल्या चतुष्फलकी ॲल्युमिनियमची जागा आहे! १२ किलोहर्ट्झच्या वर फिरवा, म्हणजे ते ११५ पीपीएम दूर जातात. कोणत्याही शिखराबद्दल शंका असेल तर वेग थोडा बदलून पुन्हा घ्या. जागा बदलणारं शिखर उपशिखर असतं.

आता वाचन. एलसी३ मध्ये −७१ च्या आसपास बेलाइटची टोकदार रेष आणि तिच्याखाली अलाइटचा (क्लिंकरमधल्या दुसऱ्या सिलिकेट खनिजाचा) रुंद पाया दिसेल. −७९ ला क्यू१, −८१ ते −८२ ला क्यू२(१एएल), −८५ ला क्यू२. भाजलेल्या मातीचा रुंद उंचवटा −१०० च्या पलीकडे. चिनी माती नीट भाजली गेली नसेल तर −९१.५ ची रेष शिल्लक असते, आणि ती कच्च्या मालाच्या स्पेक्ट्रममध्येच सापडायला हवी होती. साखळीची सरासरी लांबी काढायला क्यू१, क्यू२ आणि दीडपट क्यू२(१एएल) यांची बेरीज घ्या, तिची दुप्पट करा, क्यू१ ने भागा. जेलमधलं ॲल्युमिनियम-सिलिकॉन प्रमाण म्हणजे क्यू२(१एएल) च्या निम्म्याला या तिन्हींच्या साध्या बेरजेने भागणं.

हे सूत्र किती हळवं आहे ते एकदा आकड्यांत पाहा. क्यू१ ३०, क्यू२ २५, क्यू२(१एएल) २० असेल तर लांबी ५.७ आणि प्रमाण ०.१३ येतं. आता क्यू२(१एएल) च्या २० पैकी फक्त ५ क्यू१ कडे गेले, म्हणजे ३५, २५, १५, तर लांबी ४.७ आणि प्रमाण ०.१०. ही दोन शिखरं एकमेकांपासून दोन-तीन पीपीएमवरच आहेत आणि करड्या सिमेंटमध्ये एकमेकांत मिसळतात. म्हणून प्रत्येक स्पेक्ट्रमला स्वतंत्रपणे, सॉफ्टवेअरच्या मर्जीने शिखरं बसवायची नाहीत. शिखरांच्या जागा एक पीपीएमच्या आत बांधा, रुंदी सगळ्या वयांना सारखीच ठेवा आणि १ ते ९० दिवसांचे स्पेक्ट्रम एकत्र बसवा. अलाइट-बेलाइटचा आकार कोरड्या सिमेंटच्या स्पेक्ट्रमवरून जसाच्या तसा घ्या. आर-वर्ग (बसवणी किती जुळते त्याचा आकडा) ०.९९ येणं हा पुरावा नाही. पुरेशी शिखरं दिली की तो नेहमीच तसा येतो. दोन वेगळ्या सुरुवातींपासून बसवून दोन्ही उत्तरांमधली तफावत लिहा.

स्लॅग-राखेचं मिश्रण याहून अवघड आहे, आणि तिथे सिलिकॉनवर एकट्यावर विसंबणं मला मान्य नाही. कॅल्शियमच्या जेलमधला क्यू२ −८५ ला येतो. सोडियमच्या त्रिमितीय जेलमधला क्यू४(४एएल) −८४ ला येतो. बाकीचे क्यू४ −८९, −९३, −९९ आणि −१०८ च्या आसपास, आणि न विरघळलेल्या राखेची काच −८० ते −११५ पर्यंत सगळ्यांच्या खालून पसरलेली. शिखरं बसवून −८५ चं कोडं सुटत नाही. ॲल्युमिनियम मदतीला येतो: सोडियमच्या जेलमध्ये त्याचं चतुष्फलकी शिखर ५८ ते ६० ला, कॅल्शियमच्या जेलमध्ये ६८ ते ७४ ला. तेवढ्यानेही भागलं नाही तर सॅलिसिलिक आम्ल आणि मिथेनॉलने कॅल्शियमचं जेल विरघळवून उरलेल्याचा स्पेक्ट्रम पुन्हा घ्या. जे गेलं ते कॅल्शियमचं जेल.

न विरघळलेला स्लॅग वजा करणं सोपं आहे. तो जवळजवळ सगळा काच असतो, −७५ च्या आसपास एकच रुंद कुबड, म्हणून कच्च्या स्लॅगचा स्पेक्ट्रम लहान करून वजा करता येतो. राखेला हे चालत नाही. काच विरघळते, म्युलाइट आणि क्वार्ट्झ हे स्फटिक तसेच राहतात, म्हणजे उरलेल्या राखेचा स्पेक्ट्रम कच्च्या राखेसारखा नसतोच. तिचा काचेचा आणि स्फटिकांचा भाग वेगळा करून फक्त काचेचा भाग लहान करावा लागतो. स्फटिकांचं प्रमाण एक्सआरडीच्या रिटव्हेल्ड विश्लेषणातून घ्या.

पडताळणी म्हणून क्यू४ च्या पाच शिखरांवरून सिलिकॉन-ॲल्युमिनियम प्रमाण काढा: सगळ्या क्षेत्रफळांची बेरीज भागिले प्रत्येक क्षेत्रफळ गुणिले ॲल्युमिनियम शेजाऱ्यांची संख्या यांच्या बेरजेचा चौथा भाग. हे प्रमाण १ च्या खाली येऊच शकत नाही; आलं तर आकडेमोड चुकली आहे. अशा जाळ्यात दोन ॲल्युमिनियम शेजारी बसत नाहीत, असं हा हिशोब धरून चालतो. मिश्रणात जेलबाहेरचा सिलिका भरपूर उरलेला असताना ते एक्सआरएफच्या आकड्याशी तंतोतंत जुळलं, तर तेही संशयास्पद आहे.

एलसी३ च्या ॲल्युमिनियम स्पेक्ट्रममध्ये १३ पीपीएमला एट्रिंगाइट, ९ ते १० ला एएफएम गट (थरांच्या रचनेचे ॲल्युमिनेट हायड्रेट), ५ च्या आसपास तिसरं ॲल्युमिनेट हायड्रेट. एएफएम गटातलं हेमीकार्बोनेट, मोनोकार्बोनेट आणि मोनोसल्फेट एनएमआर वेगळं करत नाही. चुनखडीचं योगदान दाखवायचं तर तिथे एक्सआरडीच वापरा: हेमीकार्बोनेट ८.२ आणि मोनोकार्बोनेट ७.६ अँगस्ट्रॉमला स्पष्ट दिसतात. भाजलेल्या मातीचे तीन उंचवटे साधारण ५५, २८ आणि ४ ला असतात. यातला ४ चा उंचवटा तिसऱ्या हायड्रेटवर पडतो, पण २८ चा मोकळा आहे. कालानुसार तो किती घटतो, त्यावरून माती किती विरघळली याचा अंदाज घ्या. जेलमध्येही थोडा, पाच ऑक्सिजनने वेढलेला ॲल्युमिनियम ३५ च्या आसपास असतो, तेवढी सूट ठेवा.

बाजारात २० मेगाहर्ट्झची टेबलावर मावणारी यंत्रंही आहेत. ती हायड्रोजन पाहतात: थरांमधलं पाणी, जेलच्या रंध्रांतलं पाणी, मोठ्या रंध्रांतलं पाणी यांचं प्रमाण सांगतात, आणि तेही नमुना न वाळवता. साखळीची लांबी किंवा ॲल्युमिनियमची जागा त्यांतून कळत नाही. आकुंचन किंवा टिकाऊपणा हा विषय असेल तरच तिकडे वळा.

तुमच्याकडे वेळ मर्यादित असेल तर क्रम असा ठेवा: पहिल्या रात्री भाजलेली माती, दुसऱ्या रात्री एलसी३ चा २८ दिवसांचा नमुना, दोन्हींचा ॲल्युमिनियम सकाळी. राखेच्या मिश्रणाला यंत्रावर चढवण्याआधी तिच्यावर चुंबक फिरवून झालेलं असू द्या.